विश्लेषण : स्टेपनी बसली, पण बोल्ट त्याच चाकाचे आहेत का?

नांदगावहून मनमाड, मालेगाव किंवा चाळीसगावकडे निघालेल्या गाडीचे चाक पंक्चर झाले, की पुढची पंधरा-वीस मिनिटे ठरलेली असतात. डिकीतले सामान बाहेर, जॅक, पाना, स्टेपनी, चार नट आवळले की गाडी पुन्हा रस्त्याला. या घाईत एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हातात असलेले नट किंवा बोल्ट या स्टेपनीसाठी बनलेले आहेत का? ते घट्ट बसले म्हणजे बरोबर बसले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चुकीचा बोल्टही घट्ट बसल्यासारखा वाटू शकतो आणि काही किलोमीटरनंतर चाक सैल होऊ शकते. हे का घडते, कोणत्या गाड्यांत त्याची शक्यता जास्त असते आणि ते घरच्या घरी कसे ओळखायचे, याविषयी...

हा प्रश्न आताच का?

पूर्वी गाडीची पाचही चाके सारखी असायची. चार लोखंडी रिम रस्त्यावर आणि तशीच पाचवी डिकीत. त्यामुळे एकाच प्रकारचे नट सगळीकडे चालत. आता अलॉय व्हील्सची आवड वाढली आहे. कंपनीकडून अलॉय आलेल्या अनेक गाड्यांतही स्टेपनी मात्र लोखंडी आणि बऱ्याचदा लहान आकाराची असते. त्यात बाहेरून अलॉय बसवून घेणारे वेगळे. दुकानदार अलॉयबरोबर त्याचे वेगळे नट किंवा बोल्ट देतो. मूळचे एका पिशवीत घालून मालकाला दिले जातात. ती पिशवी घरातल्या कपाटात पडते किंवा हरवते. गाडी पुढे सेकंडहँड विकली गेली, की नव्या मालकाला अशी काही पिशवी होती हेही ठाऊक नसते. पंक्चर होईपर्यंत त्याने काही बिघडतही नाही. अडचण येते ती नेमकी रस्त्याच्या कडेला, अंधारात, स्टेपनी काढल्यावर.

नट आणि बोल्ट यांत फरक काय?

बोलताना आपण दोन्हींना सरसकट बोल्ट म्हणतो, पण रचना दोन प्रकारच्या आहेत. मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा यांच्या बहुतेक गाड्यांत हबवरच स्टड कायम बसवलेले असतात. चाक त्या स्टडवर अडकवायचे आणि बाहेरून नट आवळायचे. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि जुन्या फियाट गाड्यांत स्टड नसतात. हबला आटे पाडलेली भोके असतात. चाक हाताने धरून बाहेरून बोल्ट आत फिरवायचा. नटाच्या बाबतीत चूक दोन ठिकाणी होऊ शकते, आट्यांत आणि बैठकीत. बोल्टच्या बाबतीत तिसरी चूक वाढते, ती लांबीची. म्हणून बोल्ट असलेल्या गाड्यांत अधिक सावध राहावे लागते.

चाक नेमके कशावर टिकते?

गाडीचे वजन चार बोल्टांवर टांगलेले असते, असा समज आहे. तो बरोबर नाही. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. ताणलेल्या रबराप्रमाणे तो परत आखडू पाहतो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे चाकाची आतली बाजू आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होते, ते चाक धरून ठेवते. लहान कारसाठी कंपन्या साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटर इतकी आवळ सांगतात. १२ मिलिमीटरचा बोल्ट १०० न्यूटन मीटरने आवळला, तर ढोबळ हिशेबाने एका बोल्टचा दाब चार टनांच्या आसपास भरतो. चार बोल्टांचा मिळून सोळा टन. हा दाब आहे तोवर चाक हबवर तसूभरही सरकत नाही.

पण यातली खरी मेख वेगळी आहे. पान्याला लावलेल्या ताकदीपैकी साधारण दहावा भागच बोल्ट ताणण्यासाठी कामी येतो. उरलेली सगळी ताकद आट्यांतील आणि बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात खर्च होते. म्हणजे आटे अडकले किंवा बैठक चुकीची असली, तर पाना तितकाच जड लागतो, पण दाब तयारच होत नाही. हाताला मात्र ‘टाइट झाले’ असेच वाटते. चुकीच्या बोल्टचा धोका लपून राहतो तो यामुळेच.

पहिली चूक : आटे

कारच्या नट-बोल्टवर ‘एम १२ × १.५’ किंवा ‘एम १२ × १.२५’ असे माप असते. पहिला आकडा जाडीचा, दुसरा दोन आट्यांमधल्या अंतराचा. मारुती सुझुकीच्या गाड्यांत सहसा १.२५ चे आटे असतात, तर ह्युंदाई, होंडा आणि टोयोटाच्या गाड्यांत १.५ चे. जाडी तीच, पान्याचे मापही अनेकदा तेच. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण १५ मिलिमीटरच्या लांबीत एकावर बारा आटे असतात आणि दुसऱ्यावर दहा. असा नट एक-दोन फेरे फिरतो आणि मग अडतो. हाताने आवळणारा तिथेच थांबतो. हवेच्या गनने आवळणाऱ्याला मात्र ते कळत नाही. गन नटाला जबरदस्तीने आत ढकलते आणि स्टडचे आटे सोलून काढते.

गोंधळ वाढवणारी आणखी एक बाब. गाडीवरचे नाव आणि नटाचे माप यांचा मेळ नेहमीच बसत नाही. टोयोटाची ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनो आहे. त्यामुळे ‘टोयोटाचे नट द्या’ असे सांगून घेतलेले नट तिला बसतीलच असे नाही. नाव सांगण्यापेक्षा आपला एक नट काढून दुकानात नेणे आणि तो कंपनीचाच आहे याची खात्री करणे चांगले.

दुसरी चूक : बैठक

नट किंवा बोल्टचा जो भाग चाकाच्या भोकात टेकतो, त्याला बैठक म्हणू. ती तीन प्रकारची असते. शंकूसारखी निमुळती, चेंडूसारखी गोलाकार आणि वॉशर असलेली सपाट. मारुती आणि ह्युंदाईत बहुतेक ठिकाणी निमुळती असते. होंडा आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या मूळ चाकांना गोलाकार लागते. टोयोटाच्या अनेक अलॉय चाकांना वॉशरसह सपाट बैठकीचे नट येतात.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अलॉय चाकांची भोके निमुळत्या बैठकीची असतात. आता होंडा सिटीचे उदाहरण घ्या. बाहेरून अलॉय बसवले, त्यासोबत निमुळते नट आले. डिकीतली स्टेपनी मात्र होंडाचीच, गोलाकार बैठकीची. पंक्चर झाल्यावर अलॉयचे निमुळते नट त्या गोल खळग्यात आवळले जातात. आटे जुळतात, नट शेवटपर्यंत जातो, काहीच विचित्र वाटत नाही. पण नट आणि रिम यांचा स्पर्श पूर्ण पृष्ठभागावर न होता एका बारीक कड्यापुरता होतो. गाडी चालू लागली की ती कड झिजते, दबते आणि नट सैल होतो. फोक्सवॅगन पोलो किंवा स्कोडा रॅपिडला बाहेरून अलॉय घातले असतील, तर हाच प्रकार बोल्टच्या बाबतीत होतो.

तिसरी चूक : लांबी

लोखंडी रिमचा पत्रा बोल्टच्या जागी काही मिलिमीटर जाड असतो. अलॉयचा तोच भाग बराच जाड. त्यामुळे बाहेरून घातलेल्या अलॉयसोबत, विशेषतः मध्ये स्पेसर असेल तर, लांब बोल्ट येतात. तेच लांब बोल्ट पातळ लोखंडी स्टेपनीला लावले, की टोक हबच्या पलीकडे बाहेर निघते. मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल तर ते आतल्या ब्रेक शूला किंवा स्प्रिंगला घासते. एबीएसचा सेन्सर किंवा त्याची कडी तुटू शकते. चाक जागेवर अडकण्याचीही शक्यता असते. काही वेळा बोल्ट आत कशाला तरी टेकून थांबतो. पाना जड होतो, पण रिम मात्र सैलच राहते.

उलट बाजूने, लोखंडी रिमचे आखूड बोल्ट जाड अलॉयला लावले, तर हबमध्ये जेमतेम दोन-तीन आटेच पकडतात. एवढ्याशा आट्यांवर पूर्ण दाब आला की ते उखडतात. बोल्टच्या जाडीइतकी लांबी तरी आट्यांत गेली पाहिजे, हा यंत्रकामातला जुना नियम आहे. १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी तो सोपा करून सांगायचा, तर बोल्ट हाताने किमान सात-आठ पूर्ण फेरे आत गेला पाहिजे.

लगेच का कळत नाही?

गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले, की आडव्या दिशेने बारीक हालचाल होत राहिली तर बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. दाब पुरेसा असेल तर ही हालचालच होत नाही. दाब कमी असेल तर चाक प्रत्येक फेऱ्यात केसभर सरकते आणि प्रत्येक वेळी बोल्ट थोडा ढिला होतो. सुरुवात मंद असते, नंतर वेग वाढतो. म्हणून नांदगावातून निघताना ठीक वाटणारे चाक चाळीसगाव ओलांडून औट्रम घाट लागेपर्यंत ठीक राहील, याची हमी देता येत नाही.

चाक निसटण्याआधी गाडी खुणा देते. कमी वेगात त्या चाकाकडून टक-टक असा ठरावीक आवाज येतो. स्टेअरिंग थरथरते किंवा गाडी मागून डुलल्यासारखी वाटते. ब्रेक दाबला की आवाज बदलतो. काढून पाहिले तर रिमची भोके लांबट झालेली आणि नटांभोवती गंजाची किंवा काळी भुकटी दिसते. अशी भोके झालेली रिम पुन्हा वापरू नये. नट बदलून ती दुरुस्त होत नाही.

जाणकारांचीही फसगत होते?

होते. त्याचे सर्वात गाजलेले उदाहरण रस्त्यावरचे नाही, आकाशातले आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या विमानाने बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे उड्डाण केले. सुमारे १७ हजार फुटांवर वैमानिकासमोरची काच निखळून उडाली. कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिक अ‍ॅलस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउदम्प्टनला उतरवले. कॅप्टनसह सगळे वाचले.

चौकशीत कारण निघाले ते बोल्ट. उड्डाणाच्या आधी काच बदलताना लावलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जाडीला ०.०२६ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी बारीक होते. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण सुमारे अडीच मिलिमीटर आखूड होते. काम अनुभवी माणसाचे होते. त्याने जुना बोल्ट हातात घेऊन नजरेने नवे जुळवले. त्यातही गंमत अशी, की आधीच्या काचेला लावलेले जुने बोल्टसुद्धा योग्य मापाचे नव्हते. ‘आधी हेच होते, म्हणून हेच लावले’ हा आपल्याकडच्या टपरीवरचा युक्तिवाद तिथेही फसला.

कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. जून २०२२ मध्ये टोयोटाने बीझेड४एक्स या नव्या विजेवरच्या गाडीच्या जगभरातील सुमारे २,७०० गाड्या परत बोलावल्या. हबचे बोल्ट चालता चालता सैल होऊन चाक निखळू शकते, असे आढळले होते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका, असेच मालकांना सांगण्यात आले.

दुसऱ्याची स्टेपनी लावली तर?

अडचणीत शेजाऱ्याची किंवा मित्राची स्टेपनी मागून आणली जाते. इथे बोल्टआधी भोकांचे अंतर पाहावे लागते. मारुतीच्या अनेक छोट्या गाड्यांत चार भोके १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, जुन्या फियाटमध्ये ९८ मिलिमीटरच्या. फरक केवळ दोन मिलिमीटरचा. रिम हबवर चढतेही. पण बोल्ट तिरके जातात, एकीकडे टेकतात आणि दुसरीकडे मोकळे राहतात. रिमच्या मधले मोठे भोक हबवर नीट बसते का, हेही पाहावे. ते सैल असेल तर चाक मध्यावर बसत नाही. दुसऱ्या मॉडेलची स्टेपनी ‘बसली’ म्हणून वापरू नये, हेच उत्तम.

स्टेपनी हा शब्द आला कुठून, हेही जाणून घेण्यासारखे आहे. १९०४ मध्ये वेल्समधील लॅनेली गावात डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकावर बाहेरून अडकवायचे जादा चाक तयार केले. तिथल्या स्टेपनी रस्त्यावरून त्याला नाव पडले. ते चाक शिकंज्यांनी चाकावर धरले जायचे, त्यासाठी हबचे बोल्ट काढावे लागत नसत. चाक गेले, नाव आपल्याकडे राहिले.

घरी काय तपासाल?

पंक्चरची वाट न पाहता एखाद्या रविवारी हे करून ठेवावे. अर्धा तास पुरतो.

स्टेपनी बाहेर काढा. ती लोखंडी आहे की अलॉय, तिच्या भोकांची बैठक निमुळती आहे की गोल, हे बोट फिरवून पाहा. मग गाडीच्या चाकाचा एक नट किंवा बोल्ट काढून तिच्याशी जुळवा. दोघांचा आकार एकमेकांत बसला पाहिजे. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत अलॉय आणि लोखंडी रिमसाठी एकच नट चालतात की वेगळे, हे लिहिलेले असते. काही कंपन्यांचे नट दोन्हींना चालतील असेच बनवलेले असतात.

अलॉय बाहेरचे असतील तर स्टेपनीसाठीचे चार किंवा पाच मूळ नट-बोल्ट एका जाड पिशवीत घालून जॅकशेजारीच ठेवा. चोरीपासून बचावाचे लॉक नट असतील, तर त्यांची चावी तिथेच हवी. सेकंडहँड गाडी घेताना विक्रेत्याकडे ही पिशवी आवर्जून मागा. नसेल तर सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या मॉडेलनुसार नवा संच घ्या. एका टायरच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर ट्यूबलेस टायरच्या लहान प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही, असा बदल केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झाला. गाडी घेताना डिकीत काय आहे, हे पाहून घ्यावे.

रस्त्यावर चाक बदलताना कोणती काळजी?

गाडी रस्त्यापासून दूर, सपाट आणि टणक जागेवर घ्या. हँडब्रेक लावा, तिरपे समोरचे चाक दगडाने अडवा. गाडी उचलण्याआधी नट थोडे सैल करा. स्टेपनी चढवल्यावर प्रत्येक नट आधी फक्त हाताने फिरवा. तो बोटांनी सहज सात-आठ फेरे गेला पाहिजे. दोन फेऱ्यांत अडला तर पाना लावू नका. आटे तिरके पकडले असतील किंवा नटच वेगळा असेल. पंक्चरवाल्याकडेही हाच आग्रह धरा : ‘दादा, आधी हाताने लावा, गन नंतर.’

चारही नट एकाच दमात आवळू नका. एक, मग त्याच्या समोरचा, मग उरलेले, असे थोडे थोडे आवळत जा. चाक जमिनीला टेकल्यावर शेवटची आवळ द्या. गाडीसोबतचा पाना पाव मीटर लांब असेल, तर टोकाला सुमारे ४० किलोचा जोर लावला की १०० न्यूटन मीटर होतात. पान्यावर उभे राहून उड्या मारल्या तर हा आकडा कितीतरी पुढे जातो आणि स्टड ताणून कमजोर होतो. आट्यांना तेल किंवा ग्रीसही लावू नये. घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच जोरात बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. हबवरचा गंज आणि माती मात्र पुसून घ्यावी. त्यांचा थर दबला की आवळ सैल होते.

बोल्ट स्टेपनीचे नाहीत असे लक्षात आले, तर चार नट कसेबसे बसवून गाडी हाकू नये. विमा पॉलिसीत रस्त्यावरील मदतीची सोय आहे का, ते पाहावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे. जळगाव-चाळीसगाव-नांदगाव-मनमाड हा रस्ताही राष्ट्रीय महामार्ग आहे, हे इथल्या वाहनचालकांनी लक्षात ठेवावे. जवळच पंक्चरचे दुकान असेल तर स्टेपनी लावण्याऐवजी पंक्चर झालेले चाकच काढून तिथे नेणे आणि दुरुस्त करून त्याच नटांनी परत बसवणे अधिक सुरक्षित ठरते.

स्टेपनी नीट बसली तरी काम संपत नाही. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा तपासावेत. लहान आकाराच्या स्टेपनीवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळावी. आणि मूळ चाक दुरुस्त करून शक्य तितक्या लवकर परत लावावे.